पहिल्या बीमटाइमला जाताय? हे आधी वाचा
अभिनंदन रे, बीमटाइम (न्यूट्रॉनच्या झोतावर प्रयोग करायला मिळणारी वेळ) मिळाला! आयसिसचा, म्हणजे ब्रिटनमधल्या न्यूट्रॉन केंद्राचा, डेटा घरी आल्यावरही मिळतो, आरबी नंबर (तुमच्या प्रयोगाचा ओळख क्रमांक) तेवढा जपून ठेव, 3 वर्षं डेटा तुमच्या टीमपुरताच असतो, मग सगळ्यांना खुला. एवढ्या जड नेक्सस फाइली (मोजलेला डेटा यांतच असतो) लॅपटॉपवर उतरवत बसू नकोस, त्यांच्याच सर्व्हरवर मॅन्टिड हे डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर उघड. पण खरी गोष्ट म्हणजे रिकाम्या कॅनचा (सॅम्पल ठेवायच्या डबीचा) आणि व्हॅनेडियमचा रन, म्हणजे मोजणी, असल्याशिवाय तिथून निघू नकोस, मी एकदा रिकामा कॅन मोजायचा विसरलो आणि कॅनच्या अ‍ॅल्युमिनियमचे पीक (आलेखातले उंचवटे) सॅम्पलचे समजून दोन आठवडे फिट करत बसलो होतो. व्हॅनेडियम हा धातू न्यूट्रॉन सगळ्या दिशांना जवळपास सारखे विखुरतो, त्यावरून कुठला डिटेक्टर कमीजास्त मोजतोय ते कळतं. आणि प्रत्येक रन नंबरसमोर तापमान वहीत लिहीच, रात्री तीनला सगळं लक्षात राहील असं वाटतं, महिन्याने काही आठवत नाही.