वडिलांच्या फिजिओथेरपीसाठी कुठली ठेव मोडावी?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं. वडील ६४ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, राहणं कराडजवळ. सात आठवड्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळतं. दवाखान्यातून घरी येऊन पाच आठवडे झाले. पुण्यातलं एक पुनर्वसन केंद्र तीन महिने ठेवून घ्यायचे ५,४०,००० रुपये सांगतंय, सगळे आगाऊ भरले तर थोडी सूट. वडिलांची ६ लाखांची बँक ठेव आहे, पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत आणि ३८,००० पेन्शन. भाऊ म्हणतो पोस्टातलं खातं बंद करा. मामा म्हणतात एवढा खर्च कशाला, मालिशवाला लावा.

मामांचं ऐकू नका. पैसे खर्च करा, आणि आत्ताच करा. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगानं होते. नंतरही होते, पण वेग मंदावतो. मेंदूचा शाबूत राहिलेला भाग गेलेलं काम शिकतो ते तीच हालचाल शेकडो वेळा करून. मालिशनं अंग मोकळं होईल, पाऊल उचलणार नाही. घरच्यांनीच व्यायाम शिकून घेतला तर भागेल का, हे आपल्याकडे १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासलं गेलंय. ‘अटेंड’ नावाचा तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना घरच्यांच्या व्यायामाची जोड देऊनही सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालेलं दिसलं नाही. तुम्ही मदत कराच, पण जाणकार माणसाचे पैसे वाचवू नका. एरवी मुदतीआधी ठेव मोडायला मी कुणालाही सांगत नाही, इथे मात्र सांगतोय.

पण भावाचंही ऐकू नका. पोस्टातल्या त्या खात्यातून हवे तेवढे पैसे काढता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं. वडिलांच्या खात्याला दोन वर्षं उलटली आहेत, म्हणजे मुद्दलातून एक टक्का, १५,००० रुपये कापले जातील. त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येतंय, आणि वडिलांच्या पुढच्या थेरपीचा खर्च भागवायला तेही लागणार आहे. मोडायची ती बँकेतली ठेव. तिथे दंड म्हणून व्याजदर साधारण अर्धा ते एक टक्का कमी मिळतो, तो सोसा.

आता तीन महिन्यांचं पॅकेज. ते घेतलंत तर ठेवीतले जेमतेम ६०,००० उरतील आणि वडील घरी येतील तेव्हा घरच्या थेरपिस्टसाठी हातात फारसं काही नसेल. मी एकच महिना घेईन, १,८०,००० भरून, सूट सोडून. दाखल करण्याआधी लेखी विचारा: दिवसाला प्रत्यक्ष थेरपिस्टबरोबर किती वेळ, यंत्रावर किती, मधेच सोडलं तर पैसे परत कसे. हाताच्या व्यायामाच्या रोबोटिक यंत्राचे वेगळे पैसे मागत असतील तर नाही म्हणा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या ‘रॅट्युल्स’ चाचणीत (२०१९) अशा यंत्रानं हाताची कार्यक्षमता नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारली नाही. दर शनिवारी स्वतः बघा: खुर्चीतून आधाराशिवाय उठतात का, संडासला एकटे जातात का, उजव्या हातानं शर्टाचं बटण लागतं का. महिनाअखेर यातलं काही हललं असेल आणि डॉक्टरही म्हणत असतील, तर दुसरा महिना घ्या.

नंतर घरी. तुम्ही दिलेल्या दरांनी फिजिओ रोज ७०० (महिन्याला २६ दिवस), वाचा-उपचार आठवड्यातून दोनदा ८०० रुपयांनी, मदतनीस १५,०००. सगळं मिळून महिना ३९,६०० होतात. पाच महिन्यांचे १,९८,०००. केंद्राचा महिना धरून ठेवीतले सव्वादोन लाखांच्या आसपास शिल्लक राहतात, पेन्शन आणि पोस्टाचं व्याज वेगळंच. पायाचा ब्रेस, संडासातल्या कड्या, पायरीवरचा उतार यातूनच करा. फिजिओ राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदलेला असल्याची खात्री करा. कराडच्या कृष्णा विद्यापीठाचं भौतिकोपचार महाविद्यालय तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथलीही चौकशी करा.

वडिलांचा आरोग्यविमा असेल तर त्याचं काम या आठवड्यातच उरका. डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेक पॉलिसी ६० किंवा ९० दिवसच देतात, त्यातले पाच आठवडे गेलेत. घरच्या फिजिओची डॉक्टरची चिठ्ठी आणि नोंदणी क्रमांकासह पावत्या जमवून दावा करा. केंद्रातल्या मुक्कामाचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. पुनर्वसन आणि शुश्रूषेसाठीचा मुक्काम हे बहुतेक पॉलिसींमधलं ठरलेलं अपवाद-कलम आहे. मात्र वडिलांची एखादी गंभीर आजारांची पॉलिसी आहे का, कपाट उघडून शोधा. त्यात पक्षाघाताला एकरकमी पैसे मिळतात, पण लुळेपणासारखा दोष किमान तीन महिने टिकल्याचा वैद्यकीय पुरावा लागतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्टची तारीख आत्ताच घ्या. आयकर सवलतींमागे वेळ घालवू नका. वडिलांच्या एवढ्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागतच नाही.

आणि एक अडचण तुम्ही लिहिली नाहीत: उजवा हात चालत नाही, मग ठेव मोडायच्या अर्जावर सही कोण करणार? तुम्ही करू नका. अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. वडिलांना शाखेत नेणं जमणार नसेल तर व्यवस्थापकांना आधी फोन करून अधिकाऱ्याला घरी पाठवायची विनंती करा.