मूनकेकचा ठसा पुसतो कशामुळे? पाक, पारी आणि सारण

मूनकेक म्हणजे चिनी लोकांच्या शरदातल्या पौर्णिमेच्या सणाचा, साच्यात ठसा उठवलेला, सारण भरलेला केक. तो तुम्ही पुण्यात घरी करून पाहिलात आणि कुठे बिघडलं ते विचारलंत. तक्रारी तीन: भाजताना वरची नक्षी पुसली गेली, बुड पसरलं, आणि त्याच संध्याकाळी कापल्यावर पारी सारणापासून सुटून आली. पारीत मध आणि चिमूटभर बेकिंग पावडर, सारणात लाल चवळी आणि निम्मीच साखर, आणि भाजलं घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत. तुमचा संशय ओटीजीवर आहे. माझा नाही. त्याचा दोष असलाच तर शेवटचा. मुख्य बिघाड साच्यात घालायच्या आधीच झालेला आहे.

आधी एक खुलासा. तुम्ही करताय तो कँटनी, म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँगकडचा मूनकेक: तकतकीत तपकिरी, ठसठशीत नक्षीचा. सिंगापूर-हाँगकाँगच्या दुकानांत मुख्यतः हाच दिसतो. पूर्व चीनमधल्या सूचौचा मूनकेक खारीसारखा पापुद्र्यांचा असतो, त्याला नक्षी नसतेच. ग्वांगडाँगच्याच चाओशान भागातलाही पापुद्र्यांचाच, आत बहुतेकदा अळकुडीच्या जातीच्या कंदाचं गोड सारण. नैर्ऋत्य चीनच्या युन्नानमध्ये तर सारणात हॅम घालतात. इंटरनेटवरच्या कृती या सगळ्यांची सरमिसळ करतात आणि मग एकाची पारी दुसऱ्याच्या साच्यात जाते. शाकाहारी मंडळींसाठी जाता जाता: पापुद्र्यांच्या प्रकारांत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. कँटनी पारीत शेंगदाण्याचं तेल वापरतात, पण विकतच्या सारणात चरबी असू शकते, तेव्हा डब्यावरची यादी वाचा.

आता पाक. कँटनी पारीत साखर कोरडी पडत नाही, लिंबू घालून उकळलेला पाक पडतो. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, एका मोठ्या लिंबाचा रस. उकळी आली की चमचा बाहेर, पुन्हा ढवळायचं नाही, नाहीतर दाणे धरतात. कडांना चिकटलेली साखर ओल्या ब्रशने खाली लोटायची. अगदी मंद आचेवर पाऊण-एक तास. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११५ अंश; नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून बघा, तो लगेच विरघळता कामा नये, क्षणभर मण्यासारखा टिकला पाहिजे. लिंबाच्या आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. असा पाक साखरत नाही, आणि फ्रुक्टोज ओल धरून ठेवतं. भाजल्यानंतर पारी मऊ पडायची असते ती याच्या जोरावर. पाक गार झाला की मधाइतका दाट हवा. बरणीत निदान दोन आठवडे मुरू द्या. जुन्या कँटनी बायका वर्ष-वर्ष मुरलेला पाक वापरतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात.

मध वापरलात ते तसं फारसं चुकलं नाही. मधातही ग्लुकोज-फ्रुक्टोजच असतं. पण रंग फार लवकर चढतो आणि बाकी सगळ्या चवींवर मध बसतो. इंग्लंडचा डब्यातला गोल्डन सिरप मिळाला तर तो जास्त जवळचा. बेकिंग पावडर मात्र काढूनच टाका. ती पारीला फुगवते, आणि पारी फुगली की नक्षी गेली.

तिच्या जागी लागतं खाराचं पाणी. चिनी किराण्यात ते छोट्या बाटलीत मिळतं, त्यात मुख्यतः पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेट असतं. ते पाकाचा आंबटपणा मारतं आणि पारीला तो खास तपकिरी रंग आणतं. पुण्यात न मिळाल्यास खायचा सोडा बेकिंग पेपरवर पसरून १५० अंशांवर तासभर भाजा, त्याचं सोडियम कार्बोनेट होतं. थंड झाल्यावर एक भाग पावडर, चार भाग पाणी असं विरघळवून काचेच्या बाटलीत ठेवा. त्यात बोट बुडवू नका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हा खार तीव्र असतो. पापडखार चालेल का, हे पुढचा कोणीतरी विचारणारच. खार तोही आहे, पण त्याची तीव्रता पुडीगणिक बदलते, म्हणून मी तो या कामाला घेत नाही.

पारीचं माप: मैदा १०० ग्रॅम, पाक ७० ते ७५, शेंगदाणा तेल २५ ते ३०, खाराचं पाणी दीड ग्रॅम, म्हणजे चहाच्या पाव चमच्याहून किंचित जास्त. खार वाढला तर पारी काळपट, कडू आणि सुरकुतलेली होते. कमी पडला तर कितीही भाजा, फिकीच राहते. आधी पाक आणि खार, मग तेल घालून एकजीव होईस्तोवर फेटायचं, शेवटी चाळलेला मैदा. मळायचं नाही! पोळीची कणीक तिंबायची सवय हाताला असते, ती इथे आवरा. उलथण्याने दुमडून गोळा करा आणि झाकून दोन तास ठेवा. ताजा गोळा हाताला चिकटतो म्हणून लोक वरून मैदा घालतात, आणि तीच पारी पुढे तडकते. दोन तासांनी तोच गोळा आपोआप वळण्याजोगा होतो.

सारणाकडे जास्त वेळ थांबते, कारण तुमचं बुड पसरलं ते इथेच. सारण ओलं असलं की भट्टीत त्याची वाफ होते, वाफ पारीला ढकलते, ठसा ताणला जातो, कडा फुगतात आणि पारी सुटते. तुमच्या तीनही तक्रारी बव्हंशी या एका गोष्टीत आल्या. पुरण शिजलं की नाही हे डाव उभा करून बघतो ना, इथे त्याच्याही पुढे जायचं. डाव उभा राहिल्यावरही परतत राहा, इतकं की सारण कढई सोडून एकच गोळा होऊन फिरलं पाहिजे. खात्री करायला ३५ ग्रॅमचा गोळा वळून ताटलीत ठेवा. दहा मिनिटांनी तो बसलेला दिसला तर परत कढईत.

लाल चवळी चालेल. चिनी लोक वापरतात ती अझुकी वेगळी, पण चुलत बहीण म्हणता येईल. शिजवून, वाटून, चाळणीतून काढायला आळस करू नका. साखर मात्र निम्मी केलीत ते मला पटलेलं नाही. ती निव्वळ गोडीसाठी नसते; सारणातलं पाणी बांधून ठेवायला आणि बुरशी रोखायलाही असते. कमी गोड हवं असेल तर तुकडा छोटा कापा. चिनी घरांतही एक मोठा मूनकेक चार किंवा आठ फोडी करून सगळ्यांत वाटतात, सोबत बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. एकट्याने अख्खा संपवायचा पदार्थ नाहीच तो.

कमळबियांचं सारण करायचं असेल तर मखाने आणू नका. मखाना वेगळ्याच पाणवनस्पतीचं बी आहे. लक्ष्मीपूजनाला आणतो तो कमळगट्टा ही खरी कमळाची बी, पण तिचं काळं कवच फोडता फोडता दिवाळी उजाडेल. याच बियांच्या सोललेल्या पांढऱ्या डाळिंब्या मिळतात त्या घ्या. गरम पाण्यात भिजवा, मधला हिरवा कोंब एकूण एक काढा (तो कडूजहर असतो), कुकरमध्ये मऊ शिजवून वाटा. पाव किलो बियांना साखर २०० ग्रॅम आणि तेल सव्वाशे ग्रॅम, तेल तीनदा विभागून. मंद आचेवर पाऊण तास तरी लागतो. ग्वांगचौत १८८९ साली सुरू झालेलं लिएनशियांग लौ हे जुनं उपाहारगृह याच सारणासाठी नावाजलं गेलं. खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक मध्ये घालतात तो चंद्र म्हणून. पहिल्या घाण्यांना तो नसला तरी काही अडत नाही.

५० ग्रॅमच्या साच्याला मुरलेले हात १० ग्रॅम पारी आणि ४० ग्रॅम सारण घेतात. तुम्ही २० आणि ३० ने सुरुवात करा, मग १५ आणि ३५ वर या. प्रत्येक गोळा वजन करून. पारीची चकती सारणावर ठेवून अंगठा आणि तर्जनीमधल्या खोबणीने हळूहळू खाली सरकवत नेली की आत हवा अडकत नाही. मधे पीठ भुरभुरवू नका, पारी सुटण्याचं ते दुसरं कारण. साच्यात पीठ टाकून उलटा आपटायचा. नक्षीच्या खाचांत उरलेलं पीठ भाजल्यावर पांढरे डाग होऊन दिसतं.

माव्याच्या मोदकाचा साचा वापरू का, असंही विचारलंय. नको. मोदकाचं टोक जळेल तेव्हा बुड कच्चं असेल. दट्ट्याचा प्लास्टिकचा मूनकेक साचा ऑनलाइन मिळतो. लाकडी साचा दिसायला देखणा, पण त्यातून केक ओट्याच्या कडेवर ठोकून काढावा लागतो आणि ते तंत्र हाताला बसेपर्यंत निम्मे वाकडे होतात.

आता ओटीजी. चांगला तापवून घ्या, मधला खण, खालचा रॉड कडक असेल तर एकाखाली एक दोन ट्रे. केकवर पाण्याचा बारीक फवारा मारून २०० अंशांवर पाच मिनिटं, नक्षी घट्ट होण्यापुरतं. बाहेर काढून दहा मिनिटं गार होऊ द्या. मग एक बलक आणि चमचाभर पाणी गाळून, ब्रश वाटीच्या काठावर पुसून जवळजवळ कोरडा करून, फक्त उठलेल्या नक्षीवरून फिरवा. खाचांत अंडं साठलं तर ठसा तिथेही बुजतो. पुन्हा १७५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. कडा किंचित फुगू लागल्या की काढा. अंडं नको असेल तर दुधात थोडा पाक मिसळून लावा, चमक थोडी कमी येते इतकंच.

बाहेर आलेला मूनकेक बिस्किटासारखा कडक असतो. इथे घाबरून लोक कृतीला शिव्या देतात. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, सारणातलं तेल आणि ओल पारीत उतरते, ती मऊ होते, चकाकते आणि सारणाला धरते. तुम्ही त्याच संध्याकाळी कापलात, तेव्हा पारी सुटली यात नवल नाही. त्यानंतर आठवडाभरात संपवा, विकतच्यासारखे महिनाभर टिकणार नाहीत.

कोजागरीला करायचं म्हणालात, तर तारीख बघून घ्या. चिनी सण त्यांच्या आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी येतो. २०२५ मध्ये तो आणि आपली कोजागरी दोन्ही ६ ऑक्टोबरला आल्या, पण एरवी तो बहुतेक भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपास पडतो. २०२६ मध्ये २५ सप्टेंबरला आहे, त्या दिवशी आपल्याकडे अनंत चतुर्दशी. म्हणजे सणाला हवे असतील तर ऐन गणपतीत भाजावे लागतील आणि पाक ऑगस्टअखेरीस बरणीत गेलेला हवा. कोजागरीला करणार असाल तर घाई नाही. चवळीच्या सारणाचा एक छोटा घाणा आधी करून बघा, आणि बिघडलाच तर वरून नको, कापलेल्या फोडीचा फोटो टाका.