छोट्या रंध्याला मुठी लावल्यावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेला फळीचा तुकडाही हातात घेऊन पाहिला. मधे छान गुळगुळीत, पण दोन्ही टोकं खाली गेलेली. गुण्याची पट्टी उभी धरली की टोकांशी उजेड दिसतो. ब्लॉक प्लेनला, म्हणजे तुझ्या छोट्या रंध्याला, पुढे-मागे मुठी लावल्यापासून हे सुरू झालं, म्हणून मुठी काढून टाकू का, असं विचारतोस. काढू नकोस. असं का होतं ते सांगतो.

हा रंधा मुळात एका हातात मावणारा. लांबी जेमतेम १५ ते १८ सेंटीमीटर. बिनमुठीचा वापरताना तुझा तळवा पातं दाबून धरणाऱ्या वरच्या दाबपट्टीवर होता, म्हणजे जवळजवळ पात्याच्या डोक्यावरच. दाब आपोआप मधे पडत होता. फक्त अंगठ्याखाली फोड यायचा आणि अर्ध्या तासात मनगट भरून यायचं. आता एक हात पुढच्या टोकावर आहे, एक मागच्या. तराजूच्या दोन पारड्यांवर हात ठेवल्यासारखं झालं हे. सुरुवातीला मागच्या मुठीवर भार पडला की शेपूट खाली जातं, नाक उचलतं आणि पातं फळीचं टोक तिरपं खातं. शेवटी पुढच्या मुठीवर भार राहिला की नाक फळीबाहेर झुकतं आणि ते टोकही जातं.

म्हणून हाताला असं शिकव. रंधा फळीवर चढताना दाब फक्त पुढच्या हाताने द्यायचा, मागच्या हाताने नुसतं ढकलायचं. मधे आल्यावर दोन्ही हात सारखे. फळी शेवटची चार बोटं उरली की पुढचा हात चक्क उचलायचा. नुसता सैल सोडून भागत नाही, सुरुवातीला तरी उचलच. पुढच्या मुठीवर एकही बोट नसताना पातं फळीबाहेर स्वच्छ निघालं की समज, जमलं. फळीवर पेन्सिलच्या आडव्या रेघा मारून कर, म्हणजे कुठे खातोय आणि कुठे नाही ते लगेच दिसेल.

बिघडलेला तुकडा टाकू नकोस. दोन्ही टोकांपासून बोटभर जागा सोडून मधलाच भाग रंधत राहा. थोड्या वेळाने पातं आपण होऊन खायचं थांबेल, कारण तळ दोन्ही टोकांना टेकलेला असतो आणि मधे पातं अधांतरी राहतं. मग टोकापासून टोकापर्यंत सलग हात मार. सालपट पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड निघेस्तोवर मारत राहा.

आता मुठींबद्दल. मागची मूठ पाहिली नाही, पण वर्णनावरून ती उंच झालेली दिसते. उंच मुठीला वरून ढकललं की रंधा नाकावर कलतो. ढकलण्याचा जोर जितका तळाजवळ, तितका रंधा शांत चालतो. छोट्या रंध्याची मूठ तीन बोटांची असावी. तर्जनी मुठीत कोंबायची नाही, ती पात्याच्या कडेने पुढे रोखलेली हवी. बोट दिशा धरतं आणि पकड आपोआप सैल राहते. स्टॅन्ली कंपनीने ९½ नंबरच्या ब्लॉक प्लेनच्या जोडीला ९¾ काढला होता, त्याच्या मागे तळव्यात बसणारी लाकडी मूठ होती. मोठ्या रंध्यासारखी उंच मूठ त्यांनी त्याला दिली नाही, आणि ते मला अगदी पटतं.

मूठ स्वतः घडवणार असशील तर रेशा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, तळाला समांतर धर. मुठीचं वरचं टोक मागे निघालेलं असतं. रेशा उभा ठेवलास तर पहिल्यांदा रंधा खाली पडला की ते टोक तुटून हातात येईल. रेशा आडवा ठेवला की मुठीची मान अशक्त होते हे खरं, पण आरपार जाणारी सळई तिला दाबून धरते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, सळई आकसत नाही. म्हणून मूठ अधूनमधून डुगडुगायला लागली तर पाव फेरा आवळ. त्याहून जास्त आवळलंस तर तीच सळई मूठ फाडते. आणि एवढं ऐक, मूठ बसवण्यासाठी रंध्याच्या अंगाला भोक पाडू नकोस. ते ओतीव लोखंड असतं, भिंती पातळ असतात, तडा गेला की गेला.

पुढच्या मुठीत एक धोका आहे. तो मी स्वतः भोगला आहे. ज्या ब्लॉक प्लेनचं तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, कमी-जास्त करता येतं, त्याच्या पुढच्या गोळ्याचा स्क्रूच तोंडाची सरकती पट्टी घट्ट धरतो. मूळचा गोळा बुटका असतो, त्याला फक्त बोट टेकतं, त्यामुळे तो फिरत नाही. त्याच्या जागी भरघोस मूठ लावली की आपण ती मुठीत धरतो आणि प्रत्येक हाताला नकळत थोडी पिळतो. स्क्रू सैल होत जातो. एकदा मी शिसवीच्या फळीवर काम करत होतो, निम्मी फळी आरशासारखी झालेली. पट्टी सुटली, मागे सरकली आणि पात्याच्या धारेवर आदळली. टिक् एवढाच आवाज झाला. त्यानंतरच्या हाताला फळीवर केसासारखी उभी रेघ उमटली. पात्याला दात पडला होता, तो घालवायला दगडावर अर्धी सकाळ गेली. तेव्हापासून दहा-पंधरा हातांनंतर मी पुढची मूठ उजवीकडे पिळून पाहतो. काम करताना मूठ अजिबात पिळायची नाही, वरून नुसता तळवा ठेवायचा, हे त्याहून चांगलं. मी आता तसंच करतो.

पात्याकडे तू अजून लक्ष दिलेलं दिसत नाही, आणि मुठी लावल्यावर तेच जास्त लागतं. बिनमुठीचा हा रंधा कडा मोडायला आणि लाकडाच्या तोंडावर, म्हणजे रेशांची टोकं दिसतात त्या बाजूवर चालायचा. मुठी आल्या की तू तो फळीच्या सपाट अंगावर फिरवणारच. तिथे हिशेब बदलतो. ब्लॉक प्लेनमध्ये पात्याचा उतार, म्हणजे धारेसाठी घासलेली तिरपी बाजू, वर असतो, त्यामुळे बैठकीचा कोन (पातं ज्या तिरपेपणाने टेकतं तो) आणि धारेचा कोन यांची बेरीज म्हणजे कापण्याचा कोन. तुझी बैठक १२ अंशांची, धार २५ ची, म्हणजे ३७. लाकडाच्या तोंडाला हा सुरेख. पण सपाट अंगावर रेशा उलटला की एवढा कमी कोन पाचरीसारखा आत घुसतो आणि लाकूड उपटतं. बहुतेक मोठ्या रंध्यांत पातं उतार खाली ठेवून ४५ अंशांत बसतं, वर सालपट मोडायची पट्टीही असते. ती तुझ्या रंध्यात नाही.

म्हणून दुसरं पातं घे आणि त्याला ३८ अंशांची धार लाव. १२ आणि ३८, पन्नास. संपूर्ण उतार नव्याने घासायची गरज नाही, २५ च्याच टोकाशी बारीकशी ३८ ची कड पुरे. ढकलायला थोडं जड जाईल, आणि त्या जास्तीच्या जोरासाठीच तर मुठी आहेत. या पात्याचे दोन्ही कोपरे दगडावर जरा जास्त दाबून किंचित गोल कर, नाहीतर प्रत्येक हाताच्या कडेला पायरी उमटते आणि तिरप्या उजेडात सगळ्या पायऱ्या दिसतात. धार आली की नाही ते पात्याच्या सपाट बाजूवरून धारेच्या बाहेर अंगठा सरकवून पाहा. काठ उलटून खरखर लागली पाहिजे, आणि पूर्ण रुंदीभर लागली पाहिजे. मग सपाट बाजू दगडावर चपटी ठेवून ती खरखर काढ.

पातं खाली-वर करताना शेवटचा फेरा नेहमी पुढे नेणारा असू दे. मागे घेऊन थांबलास तर स्क्रूच्या आट्यांत जागा राहते आणि काम करता करता पातं आत सरकतं. तळाला मेणबत्ती फिरवत जा.

एक गोष्ट मुठी लावूनही बदलत नाही, ती म्हणजे तळाची लांबी. हा रंधा खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो. लांब फळी सरळ करायला लांब रंधाच हवा. तुझा हा रंधा त्यानंतरच्या हातासाठी, छोट्या पेटीच्या झाकणासाठी, लांब रंधा जिथे फिरत नाही तिथल्या उरलेल्या उंचवट्यासाठी.

आणि काही कामांना मागची मूठ काढायचीच. लाकडाच्या तोंडावर काम करताना तळवा पुन्हा दाबपट्टीवर हवा, तिथे जोर तळाजवळून द्यावा लागतो. दोन्ही कडांकडून मधे ये, नाहीतर पलीकडची कड फुटेल. रंधा आडवा पाडून फळीचं टोक काटकोनात आणायचं असेल तेव्हाही मूठ आडवी येते. कडा मोडायला तर एकच हात लागतो, दुसऱ्या हाताने लाकूड धरायचं असतं. मूठ काढायला एक मिनिट लागतं. आळस करू नकोस.

आता काम सांगतो. त्याच जातीच्या लाकडाचे दोन तुकडे घे, दोन्ही तळहाताएवढे रुंद आणि हातभर लांब. एकावर २५ चं पातं चालव, दुसऱ्यावर ३८ चं, मुद्दाम उलट्या रेशाने. तेल लावू नकोस, पॉलिश पेपरही नको. तुकडे जसेच्या तसे पाठव, आणि प्रत्येकाचं शेवटचं सालपट कागदात गुंडाळून बरोबर ठेव.