“तिला सगळं येतं, मग गुण कुठं जातात?”

फेब्रुवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका घरी आल्या, की समुपदेशनासाठी माझ्याकडे दर वर्षी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागते: मुलाला गणित येते, घरी तो पटापट सोडवतो, पण पेपरात गुण पडत नाहीत, तेव्हा तपासणारे तरी चुकत असले पाहिजेत किंवा मूल तरी परीक्षेत घाबरत असले पाहिजे. या तक्रारीला मी एका मुलीच्या हकिकतीतून उत्तर देणार आहे. मुलगी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातली, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकणारी. वडील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर धातूचे सुटे भाग (त्यांच्या भाषेत ‘जॉब’) कातणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत बोलले ते वडीलच. “सगळं येतंय की मॅडम तिला. मी विचारलं की फटकन सांगतीय. मग ऐंशीला त्रेचाळीस?” मराठी शाळेतली पोरे म्हणून तर कुणी गुण कापत नसेल ना, हेही त्यांनी जाता जाता विचारले. सीमाभागात मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या घराला अशी शंका यायला फार कारण लागत नाही, आणि ती मी कधी हसण्यावारी नेत नाही. पण हा पेपर तिच्याच शाळेतल्या, घरी मराठीच बोलणाऱ्या सरांनी तपासलेला होता. मुलगी सगळा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली होती.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. मुलीचे गप्प बसणे पाहून मी परीक्षेची भीती हे निदान मनाशी पक्के केले आणि दोन बैठका श्वासावर लक्ष देण्यात, झोपेच्या वेळा लावण्यात घालवल्या. उत्तरपत्रिका तिसऱ्या बैठकीपर्यंत मागवलीच नाही. गणिताच्या गुणांबद्दलची तक्रार घेऊन कोणी आले, तर आधी उत्तरपत्रिका पाहायची हा साधा नियम मी त्यानंतर कधी मोडलेला नाही.

अलीकडच्या वर्षांत आपल्याकडच्या एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेचा, गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो आणि उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपरात ३८ प्रश्न. त्यांतले १६ प्रश्न एकेका गुणाचे, म्हणजे पर्याय निवडायचे आठ आणि थोडक्यात उत्तर लिहायचे आठ. राहिलेले ६४ गुण दोन, तीन, चार आणि पाच गुणांच्या प्रश्नांचे. या मुलीला एकेका गुणाच्या प्रश्नांत १६ पैकी १५ मिळाले होते आणि उरलेल्या ६४ पैकी २८. ही फोड समोर मांडल्यावर वडिलांचे अर्धे म्हणणे खरे ठरले. जिला विषय कळलेला नाही ती मुलगी १६ पैकी १५ सहसा आणत नाही. गुण जात होते ते लांब उत्तरांत, म्हणजे जिथे उत्तरापर्यंतची वाट कागदावर दिसावी लागते तिथे.

वडिलांचा सर्वांत जास्त राग एका तीन गुणांच्या प्रश्नावर होता. आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त, कर्ण १३ मीटर, तर बाजू काढा. मुलीने लिहिले होते: “५ मी., १२ मी.” उत्तर बरोबर, गुण एक. मी तिला विचारले, हे कसे काढलेस? ती म्हणाली, “५, १२, १३ हे पायथागोरसचं त्रिकूट आहे मॅडम, आणि १२ मधून ५ गेले की ७.” मला हे उत्तर आवडले. वर्गसमीकरण मांडून, अवयव पाडून, ऋण किंमत का सोडली हे सांगून ती तिथेच पोहोचली असती. पण तिचा हा विचार पानावर कुठेच नव्हता. मी सरांना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “शेजारच्या बाकावरचं बघून उतरवलं असतं, तर हेच दिसलं असतं. मी त्यातून काय वाचायचं?” तिने आत्ता मला सांगितले तेवढे एक वाक्य आणि २५ अधिक १४४ बरोबर १६९ हा पडताळा लिहिला असता, तर दोनच्या खाली आलो नसतो, असेही ते म्हणाले.

खरी गोष्ट मात्र पुढच्या पानावर होती. चार गुणांचा प्रश्न, अंकगणिती श्रेढीवरचा, म्हणजे दर पदाला सारख्याच फरकाने बदलत जाणाऱ्या संख्यांवरचा: पहिल्या पाच पदांची बेरीज ३५, पहिल्या दहा पदांची १२०, तर पहिल्या वीस पदांची बेरीज किती? तिथे पाऊण पान भरून लिहिलेले होते आणि त्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोन आडव्यातिडव्या रेघा ओढून सगळे रद्द केले होते. खाली काहीच नाही. गुण शून्य. रेघांखालचे आम्ही दोघींनी मिळून वाचले. बेरजेचे सूत्र बरोबर. पहिल्या अटीवरून पहिले पद आणि फरकाची दुप्पट मिळून ७, बरोबर. दुसऱ्या अटीवरून पहिल्या पदाची दुप्पट आणि फरकाची नऊपट मिळून २४, हेही बरोबर. मग पहिल्या समीकरणाला दोनने गुणून वजाबाकी करताना डावीकडची चिन्हे बदलली आणि उजवीकडची तशीच राहिली. २४ मधून १४ वजा होण्याऐवजी मिळवले गेले, फरकाची पाचपट १० यायची ती ३८ आली आणि फरक दोनऐवजी सात पूर्णांक तीन पंचमांश असा काहीतरी आडनिडा, म्हणजे ३८ भागिले ५, निघाला. “अपूर्णांक आला म्हटल्यावर सगळंच चुकलं असं वाटलं,” ती म्हणाली. “चुकलेलं दिसायला नको म्हणून काट मारली.”

चुकलेलं दिसायला नको. हे वाक्य ऐकल्यावर मी तिला घरची सरावाची वही आणायला सांगितली. वहीत एकही चूक नव्हती. पाने मात्र उजेडाला धरली तर जागोजाग खोडरबराने घासून इतकी पातळ झालेली होती, की मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसत होती आणि दोन ठिकाणी कागद फाटलेला होता. वडील रोज रात्री कारखान्यातून आल्यावर वही घेऊन बसत, मागे छापलेल्या उत्तराशी ताडून पाहत आणि जुळले नाही तर “चूक” म्हणून वही परत देत. रागावत नसत, मारत नसत, प्रेमानेच करत. त्यांनी स्वतः पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ केलेली, आणि फटकन उत्तर देणे म्हणजे गणित येणे ही त्यांची समजूत त्या पिढीच्या शाळेत खोटी नव्हती. मुलीने त्यातून एवढेच घेतले, की उत्तर जुळले नाही तर बाकीचे लिहिलेले सगळे पुसून टाकायचे असते. परीक्षेत पेन असते, म्हणून रबराच्या जागी काट आली.

तपासणीबद्दलची वडिलांची शंका मी तेवढ्यावर सोडली नाही. रद्द केलेले ते उत्तर मुलीकडून जसेच्या तसे, चुकीसकट, काट न मारता पुन्हा लिहून घेतले आणि ओळखीच्या तीन गणित शिक्षकांना वेगवेगळे तपासायला दिले. एकाने १ दिला, दुसऱ्याने २, तिसऱ्याने २½. पहिल्याचे म्हणणे, शेवटी उत्तर कुठे आहे? तिसऱ्याने सूत्राला अर्धा आणि दोन समीकरणांना एकेक मोजून दिला होता. यात नवे काही नाही. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतली होती, तेव्हा शंभरपैकी २८ पासून ते नव्वदीच्या वरपर्यंत गुण पडले होते. बोर्डाच्या परीक्षेत आदर्श उत्तरे आणि अर्ध्या-अर्ध्या गुणाची फोड तपासणाऱ्यांच्या हाती असते, वेगळ्या पण बरोबर पद्धतीलाही गुण असतात, त्यामुळे ही तफावत आवाक्यात राहते. ती पार नाहीशी होते असे मी म्हणणार नाही. पण वडिलांना मी तीनही कागद दाखवून विचारले, की यातल्या कोणी शून्य दिला आहे का? शून्य फक्त काट मारलेल्या पानाला मिळाला होता, आणि तो तर कोणीही दिला असता.

ते बराच वेळ कागदांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्यात जॉब बिघडला तर लगेच भंगारात टाकत नाहीत. आधी माप घेतात, कुठं गेलंय बघतात. मी हिच्या वहीचं माप कधी घेतलंच नाही.” ही उपमा मला सुचली नसती, आणि माझ्या तोंडून ती त्यांना पटलीही नसती.

पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही मोजक्याच गोष्टी केल्या. घरात खोडरबर बंद. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ, तीही खाली नवी ओळ लिहून झाल्यानंतर. नवे सुचले नाही तर जुने तसेच ठेवायचे. प्रत्येक लांब उत्तराची सुरुवात “समजा” या शब्दाने करायची आणि डोक्यातल्या उडीला निदान एक “कारण” लिहायचे. वडिलांनी मागचे उत्तर पाहायचे नाही, फक्त “इथपर्यंत कशी आलीस?” एवढे विचारायचे; त्यांना दहावीचे गणित येत नव्हते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या तोंडी खराच होता. आणि शेवटी पडताळा. श्रेढीच्या त्या उत्तरात तिने चुकलेला फरक घेऊन पुढे जाऊन पाहिले. पहिले पद उणे ८.२ आले, पाच पदांची बेरीज बरोबर ३५ भरली, पण दहा पदांची १२० ऐवजी २६० झाली. “म्हणजे पहिलं समीकरण बरोबर आहे आणि गडबड दोन्ही एकत्र करताना झालीय,” असे ती स्वतःहून म्हणाली. त्या दिवशी पिशवीच्या बंदाकडे तिचे लक्ष नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. लिहायला वेळ जास्त लागू लागला, एका सराव पेपरात शेवटचा पाच गुणांचा प्रश्न राहून गेला, आणि वडिलांनी दोनदा तरी चोरून मागचे उत्तर पाहिल्याचे तिने हसत सांगितले. प्रत्येक मुलाचे दुखणे हेच असते असेही नाही. ज्यांचे एका गुणाचे प्रश्नही निम्मे चुकतात, त्यांना समजुतीच्या पातळीवर मदत लागते आणि ते काम माझे नसून शिक्षकांचे असते.

मे महिन्यात परीक्षा-१ चा, म्हणजे बोर्डाच्या त्या वर्षीच्या पहिल्या परीक्षेचा, निकाल लागला. लेखी पेपरात ८० पैकी ६१. वडिलांना ६५ ची आशा होती, म्हणून त्यांनी उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत मागवली आणि फेरमोजणीला अर्ज करावा की गुण वाढवण्यासाठी त्यानंतरच्या परीक्षा-२ ला बसवावे, हे विचारायला प्रत घेऊन माझ्याकडे आले. मुलीने पाने चाळली. उंची आणि अंतराच्या चार गुणांच्या प्रश्नात तिचे उत्तर चुकले होते, आकृती बरोबर होती, गुणोत्तर बरोबर होते, खाली एका ओळीवर एकच आडवी रेघ होती आणि समासात २½ लिहिले होते. तिने त्या आकड्यावर बोट ठेवून वडिलांना दाखवले, मग पहिल्या पानापासून बोटाने सगळे गुण मिळवत गेली आणि म्हणाली, “एकसष्टच होतात बाबा. अर्ज नको.”