प्रयोगशील संगीत आणि साउंड आर्टमध्ये नेमकं ऐकायचं काय? मला तर नुसता गोंगाट वाटतो

तुम्ही लिहिलंय की चाल नाही, ठेका नाही, मग यात ऐकायचं काय आणि सुरुवात कुठून करायची. माझं म्हणणं एवढंच की पुढे काय येणार याची वाट बघणं सोडा आणि आत्ता जो आवाज चालू आहे त्याचं काय होत चाललंय तिकडे कान ठेवा. यातल्या बऱ्याच कामांत कलाकार एक नियम ठरवतो, तो चालू करून देतो आणि मग मध्ये हात घालत नाही. तो नियम कळला की गोंगाट उरत नाही.

पहिलं ऐका अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसिएचं ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’, १९६९ चं. तो खोलीत बसून एक छोटासा मजकूर वाचतो आणि त्या मजकुरातच सांगून टाकतो की मी आता काय करणार आहे. मग ते रेकॉर्डिंग त्याच खोलीत स्पीकरवर लावायचं, परत रेकॉर्ड करायचं, ते परत लावायचं, परत रेकॉर्ड, असं चालूच. आधी आवाज नुसता घुमल्यासारखा होतो, मग व्यंजनं बोथट होतात, मध्ये एक टप्पा असा येतो की कुणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही, आणि शेवटी लांबच लांब सूर उरतात, एकात एक मिसळलेले, फक्त बोलण्याची लय तेवढी शिल्लक. लुसिए अडखळत बोलायचा आणि ते सुरुवातीला स्पष्ट ऐकू येतं. तो त्या मजकुरात म्हणतोच की मला हे विज्ञानाचं प्रात्यक्षिक म्हणून नको आहे, माझ्या बोलण्यातले खाचखळगे सपाट करायला हवं आहे. हे कळल्यावर शेवटचे ते सूर मला तरी कोरडेपणाने ऐकता येत नाहीत.

हे होतं कसं तेही सांगतो कारण त्यातच खरी गंमत आहे. प्रत्येक खोली तिच्या मापानुसार काही ठरावीक कंपनं उचलून धरते, समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल तर साधारण ४३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४३ कंपनं) आणि त्याच्या पटीतली. एखादी कंपनसंख्या एका फेरीत इतरांपेक्षा फक्त १ डेसिबलने (हे आवाजाच्या जोराचं माप) वर आली तर २० फेऱ्यांनंतर ती २० डेसिबल वर असते, म्हणजे शक्ती १०० पट. म्हणून शेवटी जे ऐकू येतं तो त्या खोलीचा आवाज असतो, माणसाचा जवळजवळ नसतोच. १९८१ साली आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अशा ३२ फेऱ्या आहेत, साधारण ४५ मिनिटं. पूर्ण ऐका, मधलं पुढे ढकलून ऐकलंत तर काहीच हाती लागणार नाही.

हे स्वतः करून बघा असं मी आवर्जून सांगेन. एक फोन, एक स्पीकर आणि मोकळ्या भिंतींची खोली पुरते. पडदे, गाद्या, सोफा असेल तर आवाज शोषला जातो आणि फार वेळ लागतो, बाथरूममध्ये पटकन होतं. फोनचं रेकॉर्डर ॲप आपोआप आवाज ‘स्वच्छ’ करत असेल तर ते बंद करा नाहीतर ते नेमकं तेच पुसून टाकतं जे आपल्याला हवंय. आणि प्रत्येक फेरीला आवाजाची पातळी तीच ठेवा, फाटू देऊ नका.

साउंड आर्टचं, म्हणजे एखाद्या जागेत आवाज मांडून केलेल्या कलाकृतींचं म्हणाल तर तिथे जागाच अर्धं काम करते. मॅक्स न्यूहाउस या अमेरिकन कलाकाराने १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला फुटपाथच्या जाळीखाली एक सलग घुमणारा आवाज बसवला, पाटी नाही काही नाही, वरून लोक चालतायत. १९९२ ला तो बंद झाला आणि २००२ पासून परत चालू आहे. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ हिचं २००१ चं ‘फॉर्टी पार्ट मोटेट’ म्हणजे ४० स्पीकर, एका जुन्या समूहगीताचा एकेक गळा एकेका स्पीकरमध्ये, आपण मधून फिरायचं, एका स्पीकरला कान लावला की एकच माणूस गातोय आणि मध्यभागी उभं राहिलं की सगळा समूह. गाणं नसतं तेव्हा त्याच स्पीकरमधून गायकांचं खोकणं, गप्पा मारणं ऐकू येतं, मला तो भाग गाण्याइतकाच आवडतो.

सगळंच चांगलं असतं असं मात्र नाही. भिंतीवरची दोन पानी टीप वाचल्याशिवाय जे काम उभंच राहत नाही ते मी सोडून देतो, तुम्हीही खुशाल सोडा.

अशी जागेवर अवलंबून असलेली कामं मोबाईलवर बघून कळणार नाहीत. हेडफोनवरच ऐकायचं असेल तर अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं १९६५ चं ‘इट्स गॉना रेन’ घ्या, निदान पहिला भाग. रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाचे तेच ते शब्द दोन टेपवर एकदम सुरू होतात, एक टेप किंचित मागे पडत जाते, बघता बघता त्यातून भलतेच ठेके तयार होतात आणि शेवटी दोन्ही परत एकत्र येतात. त्या किती हळू सुटतात तेवढंच पकडायचा प्रयत्न करा, बाकी काही समजून घ्यायची गरज नाही.