पेरते व्हा, ओळखा गण

तुमचा प्रश्न असा आहे: संस्कृतचा गाढा अभ्यास, कविता आणि पक्षीनिरीक्षण हे तिन्ही एकाच माणसात असलेलं कुणी जवळून पाहिलंय का? आणि एकाचा दुसऱ्याला काही उपयोग होतो का?

मारुती चितमपल्लींचं नाव तुमच्या मनात असणारच. वनखात्याची नोकरी करता करता त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि पक्ष्यांचा कोश मराठीत आणला. 18 जून 2025 ला सोलापुरात त्यांचं निधन झाल्याची बातमी वाचली आणि मला दिवसभर माझे सर आठवत राहिले. सर नामवंत नव्हते. खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात जन्मले, बेळगावात हायस्कूलला संस्कृत शिकवून निवृत्त झाले, 2022 मध्ये गेले. त्यांनी स्वतः कधी कुठे नाव छापू दिलं नाही, म्हणून मीही नुसतं सरच म्हणते.

1990 चा जून. मी नववीत. सर फळ्यावर 'यमाताराजभानसलगम्' लिहून वृत्तातले गण, म्हणजे लघू (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनचे गट, समजावत होते आणि आमच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. वर्गामागच्या आंब्यावर पावशा ओरडायला लागला. सरांचा खडू थांबला. "काय म्हणतोय तो?" आम्ही सगळी यळ्ळूर-वडगावकडची शेतकऱ्यांची पोरं, एका सुरात म्हणालो, "पेरते व्हा!" सर म्हणाले, "मग 'पेरते'चा गण ओळखा." पे गुरू, र लघू, ते गुरू. र गण. "आणि व्हा?" गुरू. पावशा पुन्हा ओरडला तसा अख्खा वर्ग बोटांवर गुरू-लघू मोजायला लागला. व्याकरणातलं बाकी पुष्कळ विसरले, र गण मात्र अजून विसरले नाही.

उपयोग होतो का, हे विचारलंत म्हणून बगळ्यांचं सांगते. मेघदूतात यक्ष मेघाला म्हणतो, 'गर्भाधानक्षणपरिचयान्नूनमाबद्धमालाः सेविष्यन्ते नयनसुभगं खे भवन्तं बलाकाः'. बगळ्यांच्या माळा तुझ्या सेवेला येतील. शिकवताना बहुतेक जण माळेवर थांबतात, चित्र सुंदर आहे म्हणून. सर 'गर्भाधानक्षण' या शब्दावर थांबले. पावसाच्या तोंडाशी आमच्याकडे भातखाचरात गायबगळे उतरतात तेव्हा त्यांचं डोकं, मान आणि पाठ केशरी झालेली असते. एरवी पांढराशुभ्र दिसणारा हा पक्षी विणीच्या दिवसांतच असा रंगतो. पहिला पाऊस कधी, डोक्यावर केशर कधी चढलं, काड्या नेताना पहिला बगळा कधी दिसला, हे सरांनी कित्येक वर्षं तारखेनिशी टिपून ठेवलं. मग वर्गात एवढंच म्हणाले, "कालिदासानं हे पाहिलंय. ऐकीव नाही." त्या वेळी सरांचा आवाज जरा कापला होता, मला स्पष्ट आठवतं.

पण सगळ्यात जास्त वर्षं ते क्रौंचापाशी अडले होते. जोडीतला नर शिकाऱ्यानं मारला आणि त्या शोकातून वाल्मीकींचं रामायण सुरू झालं, तो 'मा निषाद' श्लोकातला क्रौंच म्हणजे नक्की कोणता पक्षी? मराठीत आपण करकोच्याला क्रौंच म्हणतो. करकोचे हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यावर येतात. 1974 पासून तिथं घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. एका जानेवारीत सर आम्हा पाच जणांना सकाळच्या पॅसेंजरनं घटप्रभा स्टेशनला घेऊन गेले. पाच जणांत दुर्बीण एक, तिचा पट्टा तुटलेला, त्याला सुतळी बांधलेली. शेतात चरून आलेला थवा पाण्याकाठी उतरला. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून मागे गेलेला पांढरा तुरा. ओरडणं घशातून करकरत येणारं. माझी पाळी आली तेव्हा सर कानाशी हळूच म्हणाले, "डोकं बघ. लाल आहे?"

लाल नव्हतं. आणि बालकांडात, मादी रडते त्या ठिकाणी, नराला 'ताम्रशीर्ष' म्हटलंय. तांबड्या डोक्याचा. म्हणजे आमचा करकोचा तो नव्हे. लाल डोक्याचा, जोडीनं राहणारा पक्षी म्हणजे सारस, आणि तो बेळगावकडे नाही. त्यासाठी सर साठवलेल्या पैशातून भरतपूरला जाऊन आले. आले ते गप्पच होते. वहीत पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'ताम्रशीर्ष जुळतं. जोडी जुळते. पण सारस हा शब्द संस्कृतात असताना वाल्मीकी क्रौंच का म्हणेल?' खाली अर्धं पान कोरं सोडलेलं. पुढं दर दोनतीन वर्षांनी त्या पानावर एखादी ओळ वाढायची, पण ते भरलं कधीच नाही.

त्यांच्या कवितेलाही हाच नियम होता. मंदाक्रांता वृत्तात फार सुरेख लिहायचे, पण स्वतः पाहिलेला नाही तो पक्षी कवितेत घ्यायचे नाहीत. घर वडगावात, गच्चीवरून यळ्ळूरचा राजहंसगड दिसायचा, तरी त्यांच्या एकाही कवितेत राजहंस नाही. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, राजहंस पांढरा आणि चोच-पाय लाल असलेला सांगितलाय. गदग जिल्ह्यात मागडीच्या तलावावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस त्यांनी पाहिले होते, पण ते अंगानं राखी. "अमरसिंहाचा राजहंस मला भेटलेला नाही," म्हणायचे. मला तेव्हा हा हट्ट वाटायचा. आता वाटत नाही.

सरांच्या वहीला तीन रकाने होते: संस्कृत, मराठी, कन्नड. आमच्या भागात भाषेवरून काय काय झालंय ते मी सांगायला नको. सर स्वतः पक्के मराठी, पण बांधावर कन्नड शेतकरी दिसला की त्याच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत पक्ष्याचं नाव विचारून घ्यायचे. भारद्वाज, कुंभारकावळा, केंबूत. 'कें' म्हणजे तांबडा, त्याच्या पंखांचा रंग. "संस्कृतात ऋषीचं नाव, मराठीत कुंभाराचं, कन्नडमध्ये रंग," असं सांगताना त्यांना झालेला आनंद मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पावसाचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. खालच्या कपाटातल्या सगळ्या वह्या भिजल्या. आम्ही दोघीतिघी आठवडाभर पानं सुटी करून पंख्याखाली दोरीवर वाळवत होतो. तेव्हा लक्षात आलं, कविता शाईच्या पेननं लिहिलेल्या, त्या निळ्या डागांत विरघळून गेल्या. पक्ष्यांच्या नोंदी पेन्सिलीच्या, त्यातलं अक्षरन् अक्षर शाबूत. सरांनी आठवतील तेवढ्या कविता सांगितल्या, मी लिहून घेतल्या. जिथं ओळ आठवेना तिथं मी म्हटलं, वृत्त ठाऊक आहे, भर घाला. म्हणाले, "वृत्त जुळेल गं, पण ती ओळ ती नव्हे." त्या जागा तशाच रिकाम्या आहेत.

वह्या आता माझ्याकडे आहेत आणि रोज रात्री थोड्या थोड्या टाइप करते आहे. करकोच्यासमोरचा कन्नड रकाना पाणी लागून फाटलाय. अथणी, रायबाग, चिकोडीकडचं कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या शेतात हिवाळ्यात उतरणाऱ्या त्या राखी, काळ्या मानेच्या पक्ष्याला तुमच्या घरात काय म्हणतात ते खाली लिहा. पुस्तकातलं नाव नको, आजी म्हणायची ते हवंय.