खिळा बघा, मग हातोडी घ्या

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी हातोडीबद्दल आलेले पाच प्रश्न घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात वजनाची विचारणा आहे. वजन महत्त्वाचे आहेच, पण ते ठरते खिळ्यावरून आणि लाकडावरून. म्हणून उत्तरांत आधी खिळा येईल.

प्रश्न : न्यू जर्सीत घरामागच्या अंगणात १० × १२ फुटांची लाकडी शेड स्वतः उभारायची आहे. दुकानात फ्रेमिंग हॅमर म्हणून २० ते २८ औंसांच्या हातोड्या दिसतात. काहींच्या तोंडावर चौकड्या कोरलेल्या आहेत, काही टायटॅनियमच्या आहेत. घरात १६ औंसांची साधी हातोडी आहे. ती चालेल का?

चालेल, पण दुसऱ्या भिंतीपर्यंत हात भरून येईल. तुमच्या शेडचा सांगाडा टू-बाय-फोरचा असणार, म्हणजे प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच. आडव्या पट्टीतून उभ्या खांबाच्या टोकात साडेतीन इंची खिळे मारायचे असतात, प्रत्येक खांबाला वर दोन आणि खाली दोन. खांब १६ इंचांवर एक. चार भिंती आणि छप्पर धरले तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. फ्रेमिंग हॅमर अशाच कामासाठी घडवलेला असतो : मऊ पाइन-स्प्रूसचे लाकूड, जाड लांब खिळा आणि मोकळ्या हाताने घाव घालायला भरपूर जागा.

आमची शिफारस २० ते २२ औंसांची, म्हणजे साधारण ५७० ते ६२० ग्रॅमची, आणि १६ इंची दांड्याची. २८ औंसांची घेऊ नका. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. जड हातोडी हात थकला की मंदावते. लांब दांड्याची मध्यम हातोडी वेग टिकवते. टायटॅनियमच्या १४-१५ औंसांच्या हातोड्यांमागचे तत्त्वही हेच : डोके हलके, फेक वेगवान, मनगटाला हादरा कमी. रोज खिळे ठोकणाऱ्याला ती किंमत परवडते. एका शेडसाठी तेवढे पैसे घालू नयेत, त्यात चांगली करवत आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) येईल.

तोंडावरच्या चौकड्या खिळ्याच्या डोक्याला पकडतात, त्यामुळे लेप दिलेला किंवा ओला खिळा निसटत नाही. मात्र घाव चुकला की लाकडावर जाळीचा ठसा उमटतो आणि तो घासूनही लवकर जात नाही. सांगाडा झाकला जाणार असल्याने तिथे चिंता नाही. दाराची चौकट, बाहेरच्या फळ्या, कडेच्या पट्ट्या यांसाठी तुमची घरातली गुळगुळीत तोंडाची १६ औंसांचीच वापरा. एकच हातोडी ठेवायची असेल तर गुळगुळीत तोंडाची घ्या.

मागच्या नख्या सरळ असलेली निवडा. सरळ नखी दोन फळ्यांच्या फटीत घुसते, चिकटलेले लाकूड उचकटते आणि वाकडा खांब ओढून ओळीत आणते. खिळे उपटायला वळलेली नखी जास्त सोयीची, पण सांगाड्याच्या कामात उचकटणे अधिक असते. डोक्याच्या वर चुंबकाची खाच असेल तर पहिला घाव एका हाताने घालता येतो. दुसऱ्या हाताने खांब धरलेला असताना याचा मोठा उपयोग होतो.

जमिनीला लागणारे लाकूड वाळवी आणि ओल यांपासून राखायला तांब्याच्या क्षारांनी मुरवलेले असते. ते तांबे साध्या लोखंडी खिळ्याला खाते. त्या भागात हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, किंवा स्टेनलेस खिळेच मारा. हातोडी कितीही चांगली असली तरी खिळा गंजला की तळच सुटतो.

प्रश्न : रत्नागिरीजवळ गावच्या घराच्या मंगलोरी कौलांच्या छपराच्या रिपा (कौले ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) बदलायच्या आहेत. वासे जुन्या सागाचे आहेत, नव्या रिपा पोफळीच्या आणि माडाच्या मिळतात. खिळे वाकतात, रिपा चिरतात. जड फ्रेमिंग हॅमर मागवावा का?

नको. तुमची अडचण ताकदीची नाही. माडाचा आणि पोफळीचा बाहेरचा भाग फार कठीण आणि धाग्यांचा असतो. खिळा त्यात शिरताना धागे बाजूला सारत नाही, फाडत जातो. जड हातोडीने रीप अधिक वेगाने चिरेल आणि खिळा अधिक लवकर वाकेल.

एक इंच जाडीच्या रिपेला अडीच इंची खिळा घ्या, म्हणजे दीड इंच वाशात जातो. दुकानात खिळे लांबी आणि गेज सांगून मिळतात. गेजचा आकडा मोठा तितका खिळा बारीक. अडीच इंची, १० गेजचा खिळा सव्वातीन मिलिमीटर जाड असतो. त्याच्यासाठी अडीच मिलिमीटरच्या बिटाने रिपेतून आरपार आणि वाशात साधारण अर्धा इंच भोक पाडा. भोक खिळ्याच्या जाडीच्या चार-पंचमांशाहून मोठे नको, नाहीतर पकड जाते. रिपेच्या टोकापासून दीड-दोन इंच आत या. खाऱ्या हवेसाठी खिळे गॅल्व्हनाइज्डच घ्या.

हातोडी ४५० ग्रॅमची, गुळगुळीत तोंडाची, वळलेल्या नख्यांची. छपरावर एक हात तोल सांभाळण्यात गुंतलेला असतो. तिथे लांब दांड्याची जड हातोडी धोक्याची आहे, आणि हातातून सुटली तर खालची कौले जातात.

आता वाशाचे. दोन आधारांच्या मध्यावर वासा स्प्रिंगसारखा खालीवर होतो आणि घावाचा जोर त्या लवचिकतेत विरतो. खिळा अर्ध्यावर अडतो, आपण जोर वाढवतो आणि खिळा वाकतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला दोन किलोचा घण वाशाच्या खालच्या अंगाला, खिळ्याच्या बरोबर खाली, घट्ट टेकवून धरायला सांगा. तोच खिळा त्याच हातोडीने सरळ जाईल. फरक लगेच हाताला कळतो.

जुने गंजलेले खिळे थेट ओढू नका, डोके तुटते. आधी खिळ्यावर एक हलका घाव घालून तो किंचित आत जाऊ द्या. गंजाची पकड सुटते. मग नखीखाली लाकडाचा तुकडा ठेवून उपटा. खिळा अर्धा वर आला की तुकडा जाड घ्या, म्हणजे तरफ पुन्हा नीट लागते. लांब खिळ्याला नखी मुळाशी घट्ट बसवून हातोडी आडवी लोळवावी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. साडेतीन-चार इंची खिळे लाकडी दांड्याच्या हातोडीने ओढू नका. दांडा डोक्यापाशी मोडतो. त्यासाठी खिळे उपटायची लोखंडी सळई वेगळी मिळते.

प्रश्न : पुण्यात फ्लॅटमध्ये भिंतीवर स्टीलचे खिळे मारताना हातोडीच्या तोंडाचा टवका उडाला. हातोडी खराब होती का?

बहुधा नाही. स्टीलचा खिळा पाणी दिलेला, कडक असतो आणि सुतारी हातोडीचे तोंडही कडक असते. कडकावर कडक आपटले की एकाचा टवका उडतो आणि तो डोळ्याकडे येऊ शकतो. टवका गेलेली हातोडी घासून पुन्हा वापरू नका, टाकून द्या. याच कारणाने एका हातोडीवर दुसरी मारू नये. काँक्रीटच्या भिंतीला ६ मिलिमीटरचे भोक ड्रिलने पाडून प्लग आणि स्क्रू बसवा. विटांच्या भिंतीत स्टीलचा खिळा मारायचाच असेल तर दोन्ही बाजूंना तोंड असलेला एक किलोचा हातोडा घ्या, आणि गॉगल लावा.

प्रश्न : नागपूरला दर उन्हाळ्यात हातोडीचे डोके दांड्यावर खुळखुळते. पाण्यात भिजत ठेवले की घट्ट होते, पण पुन्हा सैल होते. कायमचा उपाय काय?

भिजवणे बंद करा, तेच सैलपणा वाढवते आहे. पाण्याने लाकूड फुगते, पण लोखंडी भोक पसरत नाही. मग लाकडाचे धागे भोकातच चेपतात. उन्हात वाळल्यावर तो चेपलेला भाग मूळ मापाला परत येत नाही, आधीपेक्षा बारीक होतो. पावसाळा आणि उन्हाळा आळीपाळीने हेच करतात, तुम्ही फक्त वेग वाढवता.

दांडा धड असेल तर जुनी पाचर काढून नवी कठीण लाकडाची पाचर मारा. तडकला असेल तर नवा बसवा. आपल्याकडे चांगली वाळलेली बाभूळ उत्तम. दांड्याचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. मध्येच कडेला बाहेर पडणारे धागे जिथे संपतात तिथेच दांडा मोडतो. वरचे टोक भोकात जेमतेम शिरेल इतपत कानशीने घासा. वरून भोकाच्या खोलीच्या दोन-तृतीयांश इतका करवतीने काप घ्या. डोके थोडे चढवा, मग दांडा उभा धरून, डोके खाली लोंबत ठेवून, दांड्याच्या वरच्या मोकळ्या बुडावर मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोका. डोके आपल्या जडपणाने जागेवर राहते आणि दांडा त्यात शिरत जातो. डोके जमिनीला टेकवून ठोकण्यापेक्षा ही रीत कितीतरी सरळ बसवते. दांड्याचे टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर आले की पाचर ठोका, वाढीव लाकूड कापा आणि लाकडी पाचरीला तिरकी एक छोटी लोखंडी पाचर द्या. कापलेल्या टोकावर जवसाचे कच्चे तेल दोन-तीन वेळा मुरू द्या. तेलाने हवेतली ओल आत-बाहेर होणे मंदावते. तेलाच्या चिंध्या मात्र गुंडाळून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

प्रश्न : घरच्या किरकोळ कामांसाठी एकच हातोडी घ्यायची. कोल्हापुरात दुकानात काय बघून घ्यावी? सलग काम केले की कोपर दुखते.

४५० ग्रॅम, गुळगुळीत तोंड, वळलेली नखी. कोपर दुखत असेल तर लोखंडी पाइपचा दांडा टाळा, लाकडी किंवा फायबरचा घ्या. हादरा कमी पोचतो. दांड्याच्या शेवटाला धरा, आणि अंगठा दांड्यावर लांब न ठेवता भोवती गुंडाळा. बहुतेकांचे दुखणे दांडा मध्ये आवळून धरल्याने वाढते.

दुकानात तोंड बघा : किंचित फुगीर आणि कडेला उतरते हवे. अगदी सपाट तोंड खिळ्याभोवती चंद्रकोरीचे वण पाडते. डोक्यावर ड्रॉप फोर्ज्ड, म्हणजे तापवून ठोकून घडवलेले, असे लिहिलेले असावे. ओतीव, खडबडीत बिडाचे डोके घेऊ नका. सोबत एक चुका, म्हणजे छोटा बारीक खिळा, न्या आणि दोन नख्यांच्या फटीत अडकवून ओढून बघा. फट आतपर्यंत निमुळती आणि कडा धारदार असल्या तर ती चुक्याला डोके नसतानाही पकडते. चुका घसरला तर दुसरी हातोडी मागा. आणि खिळे वाकू लागले की हातोडी बदलण्याआधी तिचे तोंड ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा. त्यावर बसलेला डिंक किंवा फेविकॉलचा थर हेच घाव निसटण्याचे नेहमीचे कारण असते.